हत्तीबोडीचा दोर

"मागे घेतलेल्या याचिकेवर अपील होत नाही," बोपचे वकील म्हणाले. पाहत होते ते कौतिकाबाईंकडे, पण बोलणं मला उद्देशून होतं. "अपील हरलेल्याला असतं, बाई. हे हरलेच नाहीत. हे पान मांडलेलं असताना उठून घरी गेले."

'हे' म्हणजे मी. दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, होता होईल तेवढं लहान होऊन बसलो होतो. पिशवीत न्यायालयाच्या आदेशाची प्रत होती. दोनच ओळींचा आदेश. याचिकाकर्त्याला याचिका पुढे चालवायची नाही, सबब ती मागे घेतल्यामुळे निकाली काढण्यात येते, आधी दिलेली स्थगिती संपुष्टात येते.

"हे उठले," कौतिकाबाई म्हणाल्या. "मी नाई उठली."

बोपचे वकिलांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

हे सारं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा खैरटोलीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. आता अठ्ठ्याहत्तरीत आहे. त्या दिवसांतलं मला नेमकं किती आठवतं आणि किती मी मागाहून लावून घेतलं, हे खात्रीने सांगता येणार नाही. पण त्या बाईंची वाक्यं मात्र जशीच्या तशी आठवतात. ती विसरण्याइतका मी धीट कधी झालो नाही.

खैरटोलीला हत्तीबोडी नावाचा तलाव आहे. आमच्याकडे तलावाला बोडी म्हणतात. कुणा जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, तो बांधला. गावातली चाळीस ढिवर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या त्यात मासे धरत आली. पुढे कधीतरी एका सरकारी कागदावर त्या तलावाची 'पडीक जमीन' झाली आणि एका कंपनीने तिथे प्लॉट पाडण्याची परवानगी मिळवली. त्याच सुमारास वाचनालयातले जुने कागद बांधणीला काढताना मला निस्तार पत्रक सापडलं. गावाने तलावाचं पाणी, गाळ, मासे कसे वापरायचे याची ती जुनी नोंद. तिच्यात हत्तीबोडी होती, पाण्यासकट होती. मी चार कचेऱ्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला येणाऱ्या बोपचे वकिलांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात लोकहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्ता, यादव गोविंदा लांजेवार. स्वतःचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत मी लग्नपत्रिकेनंतर प्रथमच पाहिलं.

न्यायालयाने स्थगिती दिली. सहा महिने बोडीला कुणी हात लावला नाही.

आणि मग मी ती याचिका मागे घेतली. का, ते पुढे येईलच. गावात अर्थातच एकच कारण बोललं जात होतं, की लांजेवार विकला गेला.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्याच दिवशी सकाळी वाचनालय उघडून मी 'शांतता राखा' ही पाटी पुसत होतो, तेव्हा कौतिकाबाई पायरीवर चपला काढून आत आल्या. कौतिका मारबते. ढिवरांच्या बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. दर मंगळवारी येऊन त्या माझ्याकडून बोडीच्या केसबद्दलची बातमी वाचून घेत. अक्षरं त्यांना जुळवता येत, पण म्हणत, तुमी वाचलं की खरं वाटते. त्या दिवशी मंगळवार नव्हता.

"मागं घेतली म्हनते पेपर," त्या म्हणाल्या. "मंग ठेवली कुठं?"

मी पुसायचा थांबलो. पाटी हातातच होती.

"सोमवारी पाळ फोडाले मशीन येनार हाय. कंपनीच्या मानसानं काल काठावर खुंट्या ठोकल्या." पाळ म्हणजे तलावाचा बांध. तो फुटला की पाणी एका दिवसात ओढ्याला लागलं असतं, आणि पाणीच नसलेल्या तलावाला पडीक जमीन म्हणायला कुणाची हरकत राहिली नसती. "चला."

"कुठे?"

"वकिलाकडं. रस्ता तुमाले माहीत हाय, मले नाई."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला 'का' असं विचारलंसुद्धा नाही. एसटीत माझ्या शेजारी बसल्या आणि शहर येईपर्यंत खिडकीतून कुठली बोडी किती भरली आहे ते पाहत राहिल्या.

तर असे आम्ही बोपचे वकिलांसमोर होतो.

बोपचे वकिलांनी बोटांवर मोजत सगळं समजावून सांगितलं. लांजेवारांना अपील करता येत नाही, कारण जे त्यांनी मागितलं तेच त्यांना मिळालं. त्यांनी 'मला सोडा' म्हटलं, न्यायालयाने सोडलं. नवी याचिका करायची, तर मागे घेताना तशी मुभा मागून ठेवायला हवी होती. "मी दोनदा विचारलं होतं यांना. हे मान हलवत होते, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळेना." कौतिकाबाई तर त्या प्रकरणात पक्षकारच नव्हत्या. बाहेरच्या माणसाला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात परवानगी मागून अपील करता येतं कधी कधी. पण आज बुधवार.

"दिल्लीले जाईन मी," कौतिकाबाई म्हणाल्या. "पन सोमवारच्या आत बोडी कशी थांबन?"

 मला जे म्हणायचं होतं ते मी मनात तीनदा जुळवलं.

"लोकहित याचिकेत याचिकाकर्ता हा मालक नसतो," मी म्हणालो. "असं काही निकालांत म्हटलंय. त्याला पुढे जायचं नसेल तर न्यायालय दुसऱ्या कुणाला त्याच्या जागी घेऊ शकतं."

बोपचे वकील माझ्याकडे पाहू लागले. "हे कुठे वाचलं?"

"तुमच्याच कपाटातल्या पुस्तकात. तुम्ही मला नेऊ दिलं होतं."

"कधी वाचलं?"

"झाले बरेच दिवस."

हे खोटं होतं. पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. उठून त्यांनी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, मी पान सांगितलं. ते उभ्याउभ्याच वाचू लागले. मग कौतिकाबाईंना म्हणाले, "हे अपील नाही. हे त्याच न्यायालयात परत जाऊन म्हणणं आहे, की साहेब, तुमचा आदेश परत घ्या आणि या माणसाच्या जागी मला उभं करा. ऐकतीलच असं नाही. मला आठवतं त्याप्रमाणे आपल्याकडे असं कुणी केलेलं नाही."

"करा," कौतिकाबाई म्हणाल्या.

माझ्याकडून त्यांनी ना-हरकत लिहून घेतली. मी ती फार सुवाच्य अक्षरात लिहिली. तेवढंच येत होतं.

शुक्रवारी सकाळी न्यायालयाच्या त्या उंच छताच्या दालनात आमचा अर्ज पुकारला गेला. दोन न्यायमूर्ती होते. बोलणं बहुतेक इंग्रजीतून चाललं होतं. मी मागच्या बाकावर बसून कौतिकाबाईंना हळूच मराठीत सांगत होतो. कंपनीचे वकील उंच, सभ्य, मोजकं बोलणारे होते. ते म्हणाले, मूळ याचिकेवर निर्णयच झालेला नाही, मग आव्हान कशाला देणार? मागे घेतलेल्या याचिकेवर अपील नाही आणि मागच्या दाराने अपीलही नाही. शिवाय या बाई त्या याचिकेत कधीच नव्हत्या. त्यांना तक्रार असेल तर त्यांनी रीतसर नवी याचिका करावी, आम्ही रीतसर उत्तर देऊ.

"काय म्हनते तो?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही आधी कुठे होता, म्हणतात."

"बोडीतच होतो की," त्या पुटपुटल्या.

बोपचे वकिलांनी पुस्तकातलं पान वाचून दाखवलं. कंपनीच्या वकिलांनी दुसरं पान वाचून दाखवलं. मला दोन्ही बरोबर वाटली. माझं नेहमीच असं होतं.

मोठ्या न्यायमूर्तींनी थोडा वेळ कागद खालीवर केले. मग मराठीत विचारलं, "अर्जदार हजर आहेत का?"

कौतिकाबाई उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्या सरळ पुढे चालत गेल्या. कुठपर्यंत जायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शिपायाने हाताने थांबवलं तिथे थांबल्या.

"तुम्ही तेव्हा याचिका केली नाहीत," न्यायमूर्ती म्हणाले. "या गृहस्थांनी केली आणि त्यांनीच ती सोडली. मग आता ती तुमची कशी?"



"साहेब, आमचं मोठं जारं राहते," त्या म्हणाल्या. जाळ्याला आमच्याकडे जारं म्हणतात. न्यायमूर्तींनी मान हलवली, त्यांना तो शब्द ठाऊक असावा. "या काठापासून त्या काठापर्यंत. वीस मानसं लागते ओढाले, धा इकडं, धा तिकडं. ज्याच्या हाती टोकाचा दोर, त्याचे हात पह्यले सोलून निघते. तो थकला, त्याले दोर सोडा वाटला, त कोनी नावं नाई ठेवत. मानूस हाय, थकते. पन त्यानं हाक माराव लागते. हाक मारली की बाजूचा येऊन दोर धरते, मंग पह्यला सोडते. हाक न मारता सोडला, त जारं त्याच्या एकट्याचं नाई जात. वीस जनाचं जाते."



"म्हणजे यांनी हाक मारली नाही," न्यायमूर्ती म्हणाले.

"नाई मारली. पन त्याहिची चूक नाई साहेब, त्याहिले ही रीत कोनी सांगतलीच नव्हती. आमचीच चूक. आन् ते राहते वाचनालयात. तिथं हाक मारली त लोक रागावते."

दुसरे न्यायमूर्ती हसले. कंपनीचे वकीलसुद्धा थोडेसे हसले.

"मी बाजूलेच उभी होती," कौतिकाबाई म्हणाल्या. "दोर माझ्या हाती द्या. एवढंच मागनं हाय."

कंपनीचे वकील उठून फार नम्रपणे म्हणाले, की हे ऐकायला चांगलं आहे, पण पहिल्या याचिकाकर्त्याने स्वेच्छेने, कसल्याही दबावाशिवाय याचिका सोडली, हे विसरता येणार नाही. त्यावर न्यायमूर्तींनी विचारलं, "ते आले आहेत का?"

मला वाटलं, बोपचे वकील नाही म्हणतील. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बोट केलं.

मी उभा राहिलो. पुढे जाणं मला जमलं नाही. बाकाला धरूनच राहिलो.

"तुमच्यावर कुणी दबाव आणला?"

"नाही."

"मोठ्याने बोला."

"नाही, साहेब. कुणी नाही."

"मग याचिका का सोडलीत?"

याचिकेला कंपनीने दिलेल्या लेखी जवाबात माझ्याविषयी एक परिच्छेद होता. याचिकाकर्त्याला पोहता येत नाही. तो मासे खात नाही. त्याचं घर तलावापासून दीड किलोमीटरवर आहे. त्या पाण्याशी त्याचा कोणताही संबंध नाही, सबब त्याने लोकांच्या नावाने न्यायालयात येण्याचं कारण नाही. तो परिच्छेद मी एका रात्रीत कितीदा वाचला असेन कोण जाणे. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पैशाने, धमकीने मी हललो नसतो, असं मला वाटतं. त्या चार खऱ्या वाक्यांनी हललो.

यातलं किती बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, "मला वाटलं, मी कोण."

न्यायमूर्तींनी जवाबाचं पान काढून तो परिच्छेद वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"लोकहिताची याचिका अशी आपल्या मर्जीने सोडता येत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

आता 'नव्हतं' म्हटलं असतं तर भागलं असतं. बोपचे वकिलांनाही तेच हवं असावं. पण कौतिकाबाई मान वळवून माझ्याकडे पाहत होत्या.

"माहीत होतं," मी म्हणालो. "वाचलं होतं."

"कधी?"

"सही केली त्याच्या आदल्या दिवशी."

बोपचे वकिलांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"आणि तरीही सही केलीत."

"पुस्तकात लिहिलेलं माझ्यासाठी लिहिलेलं असतं, असं मला कधी वाटलेलं नाही, साहेब."

 मोठ्या न्यायमूर्तींनी शेजारच्या न्यायमूर्तींच्या कानात काही सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग कंपनीच्या वकिलांना ते मराठीतच म्हणाले, "अपील नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण अपील लागतंच कशाला? याचिका ज्यांच्यासाठी होती, ते इथे उभे आहेत."

आणि ते इंग्रजीत आदेश सांगू लागले. लघुलेखकाचा हात चालू झाला. कौतिकाबाई तशाच उभ्या होत्या, एकही शब्द न कळता, न्यायमूर्तींच्या तोंडाकडे पाहत. त्या संपूर्ण दालनात त्यांना सांगणारा मीच होतो आणि मी बाकापाशी अडकलो होतो. शेवटी मीच चालत पुढे गेलो. शिपायाने अडवलं नाही.

"पहिला आदेश परत घेतला," मी त्यांच्या कानाशी सांगितलं. "माझं नाव काढलं. तुमचं नाव घातलं. स्थगिती पुन्हा लागू."

"सोमवारी मशीन नाई येत?"

"नाही येत."

त्यांनी न्यायमूर्तींना हात जोडले. मग मला म्हणाल्या, "तुमचं नाव काहाले काढलं? राहू द्याचं होतं मांगं."

परतीच्या एसटीत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. अर्धी मला दिली आणि त्यावर सुकटाची चटणी वाढता वाढता थांबल्या. आठवण होऊन हात मागे घेतला आणि माझ्या अर्ध्या भाकरीवर नुसतं मीठ-तिखट ठेवलं.

"तुम्हाला एक विचारू?" मी म्हणालो. "तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, का सोडली म्हणून."

"गावात म्हनते, लांजेवारभाऊ विकले गेले," त्या खात खात म्हणाल्या. "मी म्हनलं, त्या मानसाले बाजारात धड वांगे घेता येत नाई, पोरीबी त्याले किडके देऊन जाते. तो सोताले का विकन?"

मला हसू आलं. खूप दिवसांनी.

"आन् तुमी मासे खात नाई, ते लिवलं होतं म्हने त्या कागदात."

"खरंच आहे ते."

"म्हनूनच त आमी तुमच्यावर भरोसा ठेवला," कौतिकाबाई म्हणाल्या. "जो खाते, तो बोडीसाठी भांडते का मासोळीसाठी, कोन सांगन? तुमाले काईच नको होतं."

तोच परिच्छेद. तीच वाक्यं. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या खिडकीबाहेर बोड्या मोजत होत्या.

केस पुढे चार वर्षं चालली. दर तारखेला कौतिकाबाई गेल्या. स्वतःच्या नातवाच्या बारशालासुद्धा थांबल्या नाहीत, कारण त्या दिवशी तारीख होती. मी बरोबर जात असे, कागदांची पिशवी सांभाळत. शेवटी निस्तार पत्रकातली नोंद ग्राह्य धरली गेली आणि हत्तीबोडी पुन्हा कागदावर तलाव झाली. निकालाच्या पहिल्या पानावर कौतिका मारबते यांचं नाव आहे. ती प्रत मी घरी ठेवली आहे. त्या गेल्या त्याला आता सहा वर्षं होतील.

पण मला सांगायचं होतं ते आदेशानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातलं. एका सकाळी त्यांचा निरोप आला, बोडीवर या. मी गेलो. मोठं जाळं पाण्यात होतं. दोन्ही काठांवर माणसं दोर धरून उभी होती. कौतिकाबाईंनी मला इकडच्या रांगेच्या टोकाशी नेलं, दोर माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या. मला पोहता येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. सर्वांना ते माहीतच होतं, जवाबात छापलेलं होतं.

ओढायला सुरुवात झाली. दोर ओला होता आणि त्याला अभ्रकासारखी बारीक रेती लागलेली होती. पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही. मग तळहात पोळू लागले. मग सोलले. पुढचा माणूस पाठमोरा होता, मागे वळून पाहत नव्हता. कुणीच पाहत नव्हतं. पाणी ओढून धरतं, जिवंत असल्यासारखं. माझ्या हातून दोर बोटभर सरकला, आणखी बोटभर सरकला.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. तीस वर्षं मी लोकांना हळू बोला म्हणत आलो होतो. दुसऱ्यांदाही नुसता श्वास आला. दोर आता चार बोटं सरकला होता आणि मला जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगण्यासाठी बांधलेले भोपळे एका बाजूला कलताना दिसले.

"धरा!"

तो आवाज माझा होता हे मला थोड्या वेळाने कळलं. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. पाळीवरून कौतिकाबाई पळत आल्या. त्या जवळच कुठेतरी उभ्या असाव्यात. त्यांनी माझ्या हातांच्या पुढे आपले हात ठेवले, पाय रोवले आणि दोर ताठ केला.

"आता सोडा," त्या म्हणाल्या.

मी सोडला. पाण्याकडे पाहिलं. भोपळे पुन्हा एका ओळीत आले होते.